नदीपलीकडून केलेला अर्ज

त्या एप्रिलमध्ये माझी आई लाओसमध्ये होती, आणि तिला थायलंडमध्ये राहायला मिळावं म्हणून तिचा अर्ज मी ॲरिझोनातून भरत होते. आता सांगताना हे जरा विचित्र वाटतं, पण तेव्हा ते रोजच्या कामांपैकी एक झालं होतं. ऑफिसमधून घरी यायचं, बूट बदलायचे, कानात इअरफोन घालायचे आणि घरामागच्या कालव्याच्या काठाने चालायला लागायचं. माझी संध्याकाळ म्हणजे तिची दुसऱ्या दिवशीची सकाळ. आमच्या चँडलर गावात ऊन उतरत असायचं, तिच्याकडे नुकतं चढत असायचं. फोनच्या पडद्यावर मात्र दोन्ही उन्हं सारखीच दिसायची, तिरपी आणि पिवळसर. कालव्याकाठच्या पालो व्हर्डेच्या झाडांना बहर आलेला होता आणि वाटेवर पिवळ्या फुलांचा सडा पडलेला असायचा. आई तिकडे मेकाँग नदीच्या काठाने चालत असायची. बोलता बोलता आम्ही गप्प व्हायचो, नुसत्याच चालत राहायचो, आणि मला वाटायचं की ती कालव्याच्या पलीकडच्या काठानेच चालते आहे, मान वळवली तर दिसेल.

बाबा गेल्यानंतर आई दोनदा आमच्याकडे येऊन राहिली होती. आम्ही घरात दोघंच, मी आणि नवरा, दोघंही चिप बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये कामाला. सकाळी आम्ही बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत घर तिच्या ताब्यात असायचं. ती नागपूरची, उन्हाला घाबरणारी नव्हे. पण नागपूरच्या उन्हातही रस्त्यावर माणसं असतात. आमच्या रस्त्यावर दुपारी टपालाची गाडी येऊन जायची, तेवढीच. आईने शाळेत जन्मभर भूगोल शिकवला होता. पहिल्यांदा आली तेव्हा तिने सॉल्ट नदी बघायला म्हणून गाडी थांबवायला लावली आणि पुलावरून खाली वाळू आणि दगडगोटे बघत बराच वेळ उभी राहिली. नदीचं पाणी कुठे गेलं, असं तिने विचारलं. वर धरणं आहेत आणि पाणी कालव्यांतून आपल्या घरांकडे येतं, असं नवऱ्याने सांगितलं. तिने मान हलवली, पण तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

तक्रार तिने कधी केली नाही. मी घरी यायचे तेव्हा ती सोफ्याच्या कडेला बसलेली असायची, पाय जमिनीवर टेकवून, कोणी बोलावलं तर लगेच उठता यावं अशी. तिला कायमचं आणणं आमच्या हातात नव्हतं, कारण आम्हीच ग्रीन कार्डच्या रांगेत होतो, अजूनही आहोत. पासपोर्टवरचा माझा व्हिसाचा शिक्का तर केव्हाच संपलेला. इथे राहायला आणि काम करायला त्याने काही अडत नाही, पण एकदा देशाबाहेर पडलं की परत येण्याआधी नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि तो केव्हा मिळेल ते कोणी सांगत नाही. म्हणून मी कुठे जात नव्हते. आई सहा महिने राहायची आणि नागपूरच्या फ्लॅटवर परत जायची.

अमरावतीच्या कॉलेजात असताना होस्टेलवर आईची एक मैत्रीण होती. तिला मी मावशी म्हणते. मावशीचे यजमान साखर कारखान्यात इंजिनियर होते आणि नोकरीच्या निमित्ताने थायलंडच्या ईशान्य भागात गेले. ते वारले, पण मावशी तिथेच राहिली. मेकाँगच्या काठावर एका लहान गावात तिचं भाड्याचं घर आहे. त्या गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. त्या वर्षी हिवाळ्यात मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि सोबत म्हणून आई थोड्या दिवसांसाठी तिकडे गेली.

मग तिचे फोटो यायला लागले. त्या गावात तांदळाच्या पिठाचे पातळ गोल पापुद्रे करतात, भाज्या गुंडाळून रोल करायला लागतात ते. सकाळी ते बांबूच्या जाळ्यांवर वाळत घालतात, घरांसमोर, रस्त्याच्या कडेने, पार नदीच्या काठापर्यंत. आईच्या फोटोंत रांगाच्या रांगा दिसायच्या, आणि पापुद्र्यांतून आरपार येणारं ऊन. एका फोटोत तिने स्वतःचा हात पापुद्र्यामागे धरला होता. हात धुक्यात असल्यासारखा दिसत होता. तो फोटो मी मीटिंगमध्ये बसून पाहिला आणि पुढचा काही वेळ कोण काय बोलत होतं ते मला कळलंच नाही.

मावशी काठी टाकून चालायला लागली तरी आई परतीचं तिकीट काढायचं नाव घेईना. तिथे राहायची मुदत संपत आली तेव्हा एका संध्याकाळी फोनवर तिने सांगितलं की ती आता तिथेच राहावं म्हणते. मी कालव्याच्या काठावर जिथे होते तिथेच थांबले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं तिला कळू नये म्हणून मी लगेच व्हिसाचं बोलायला लागले. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, राहू दे की. तिथे पन्नाशीच्या पुढच्या लोकांसाठी जास्त दिवसांचा व्हिसा असतो, हेही त्याने जेवतानाच शोधून काढलं.

तो व्हिसा देशाबाहेर जाऊन मागायचा होता. मावशीला याची पूर्वीपासून माहिती होती. तिकडचे परदेशी लोक पूल ओलांडून शेजारच्या लाओसमध्ये जायचे, तिथल्या थायलंडच्या वकिलातीत खिडकीवर पासपोर्ट द्यायचे आणि शिक्का घेऊन परत यायचे. आता खिडकी राहिली नव्हती, सगळं ऑनलाइन झालं होतं. पण अर्ज करताना माणूस त्या देशात असलाच पाहिजे ही अट होती. आईला फोनवर बोटं चालवायची सवय फक्त फोटो पाठवण्यापुरती. तेव्हा ठरलं असं की माहिती मी भरायची आणि ती नदीपलीकडे जाऊन बसायची.

एक लहान बॅग घेऊन ती बसने पुलावरून गेली. लाओसचा व्हिसा तिला पुलापाशीच मिळाला. व्हिएन्टिन या तिथल्या राजधानीत नदीजवळच्या एका गेस्ट हाउसमध्ये मावशीने फोन करून खोली घेऊन ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला नदीचा काठ दाखवला. उन्हाळ्यामुळे पाणी आटून मधे वाळूचा मोठा पट्टा उघडा पडला होता. पलीकडे हिरवी रेघ होती. तेच मावशीचं गाव, ती म्हणाली. समोरासमोर. मावशी सकाळी लाल छत्री घेऊन काठावर येते आणि ती छत्री इथून दिसते, असंही तिने सांगितलं. मी फोन डोळ्यांजवळ नेला. मला करडं पाणी दिसलं आणि वरचं आभाळ. छत्री काही दिसली नाही, पण मी हो म्हटलं.

अर्ज भरायला आम्ही शनिवारची संध्याकाळ ठरवली, म्हणजे तिची रविवारची सकाळ. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, ती गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात बसली. तिच्या मागून कोंबड्यांचे आणि स्कूटरचे आवाज येत होते. वेबसाइट थोडा वेळ काही केलं नाही की आपोआप बंद पडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची, आणि आई तर प्रत्येक प्रश्न ऐकून विचार करणारी. फोटोत हसू चालणार नव्हतं. तिने भिंतीला टेकून स्वतःचा फोटो काढला तर त्यात ती रागावलेली दिसत होती. दुसरा काढला, त्यात हसली. तिसऱ्यात कुठेतरी लांब बघत होती. तो आम्ही लावला.

थायलंडमध्ये काही काम करणार का, असा एक प्रश्न होता. मी 'नाही' असं लिहायला लागले तेव्हा तिने थांबवलं. शेजारचे लोक कुठे गेलेले असतात आणि आभाळ भरून येतं, तेव्हा त्यांचे पापुद्रे ती आत नेऊन ठेवते. ते काम धरायचं का? मी म्हटलं, ते काम नाही, शेजारधर्म आहे. तिने पुन्हा विचारलं की नक्की ना, कारण सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही. मी 'नाही'वर क्लिक केलं. मग तिथे राहायचं कारण लिहायची जागा आली. काय लिहू, असं मी विचारलं. ती विचार करायला लागली, आणि साइट बंद पडू नये म्हणून मी उगाच माउस हलवत बसले.

"लिही की तिथे मला सकाळी कोणीतरी हाक मारतं," आई म्हणाली.

मी कीबोर्डवरचे हात बाजूला घेतले. "आम्ही नव्हतो मारत?"

"तुम्ही घाईत असायचात. त्यात तुमची काही चूक नाही. पण मी उठले काय आणि न उठले काय, तुमचं सगळं तसंच चालायचं. तिथे मावशी पहाटेच ओरडायला लागते. उठ, चहा कर, बघ पाणी किती उतरलं. भांडते माझ्याशी."

मी कारणाच्या जागी 'निवृत्तीनंतरचं वास्तव्य' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहिले. तिने काय लिहिलंस म्हणून विचारलं, मी सांगितलं. बरोबर आहे, ती म्हणाली. शेवटचं बटण तिनेच दाबावं असं मला वाटत होतं. गेस्ट हाउसच्या काउंटरवर एक जुना कॉम्प्युटर होता. तिथे बसून, मी दिलेला पासवर्ड एकेक अक्षर शोधत टाकून, तिने ते दाबलं.

त्यानंतर वाट पाहणं होतं. त्यातच तिकडच्या नववर्षाचा सण आला. एकमेकांवर पाणी उडवायचा तो सण, नदीच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी. ऑफिसं बंद, दुकानं बंद, रस्त्यावर सगळे ओले. आई मला व्हरांड्यातून दाखवायची. गाड्यांवर पाण्याची पिंपं ठेवून पोरं हिंडत होती. एका सकाळी गेस्ट हाउसची मालकीण आईच्या खोलीशी आली. आईपेक्षा थोडी लहान असेल. तिच्या हातात चांदीच्या रंगाचा वाडगा होता, त्यात फुलं टाकलेलं सुगंधी पाणी. तिने खुणेने आईला हात पुढे करायला सांगितलं आणि ते पाणी हळूच आईच्या तळहातांवर ओतलं, मग खाली वाकली. तिकडे घरातल्या वडीलधाऱ्यांना असं करतात, हे आईला नंतर मावशीकडून कळलं. त्या वेळी तिने आपले ओले हात त्या बाईच्या डोक्यावर ठेवले. मला सांगताना ती हाताचा वास घेत होती. आपल्याकडच्या मोगऱ्यासारखाच आहे, असं म्हणाली.

त्या दिवसांत मला ऑफिसमध्ये काम सुचत नव्हतं असं नाही, काम होत होतं. पण दुपारी खिडकीतून बाहेर पाहिलं की पार्किंगच्या तापलेल्या डांबरावर हवा हलताना दिसायची आणि तिथे पाणी आहे असा भास व्हायचा. एकदा मला स्वप्न पडलं. सॉल्ट नदीला पूर आलेला, पाणी करडं आणि संथ, आणि त्यातून पापुद्रे वाहत चाललेले, पांढरे, एकामागून एक. मी पुलावर उभी होते. मला त्याची भीती वाटली नाही. मी जागी झाले तेव्हा नवरा चहा करत होता. मी त्याला स्वप्न सांगितलं तर तो म्हणाला, तुझी आई नदी तिकडे घेऊन गेली आणि तू ती इकडे आणायला बघतेस.

सण संपला आणि वकिलातीची ईमेल आली. अर्ज परत आला होता. आई सध्या लाओसमध्ये राहते याचा पुरावा हवा होता, तिच्या स्वतःच्या नावाचा. आम्ही गेस्ट हाउसची पावती लावली होती, पण खोली मावशीने घेतलेली असल्यामुळे पावतीवर नाव मावशीचं होतं. ते आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. माझी सकाळ होती, तिकडे रात्र झालेली. आईला सांगितलं तर ती घाबरेल, असं मला वाटलं. तरी सांगितलं. मी म्हटलं, तू काही करू नकोस, मी इंग्रजीत पत्र लिहिते, त्याचं लाओ भाषेत भाषांतर करून पाठवते, तू ते फक्त मालकिणीला दाखव. ती बरं म्हणाली. मी ऑफिसला गेले, आणि त्या दिवशी एकामागून एक मीटिंग होत्या. पत्र लिहायला बसले तेव्हा चार वाजून गेले होते.

पत्र अर्धं झालं असताना, अर्ज कुठे अडला आहे ते बघायला म्हणून मी साइट उघडली, तर तिथे नवा कागद लागलेला होता आणि अर्ज पुन्हा पुढे गेलेला होता.

मी लगेच फोन केला. आई व्हरांड्यात बसून पपई खात होती. तिची पहाट असते तेव्हाच मालकीण खाली झाडलोट करत असते, म्हणून ती पासपोर्ट घेऊन खाली गेली होती. पासपोर्टवरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं, मग पावतीवरच्या मावशीच्या नावावर, आणि मान हलवली. मालकिणीला ते लगेच कळलं, दोघी हसल्या. नवी पावती करताना इंग्रजी अक्षरं त्या बाईला नीट जमेनात, तेव्हा आईने शाळेत फळ्यावर काढायची तशी मोठी मोठी अक्षरं वहीच्या पानावर काढून दिली आणि तिने ती बघून बघून पावतीवर उतरवली. मग आईने पावतीचा फोटो काढला आणि मालकिणीने तो काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर घेऊन दिला. पासवर्ड आईला पाठ झाला होता. बाकी सगळं पहिल्यांदा मी केलं तेव्हा बघितलं होतंच की, असं म्हणाली. माझं अर्धं लिहिलेलं पत्र लॅपटॉपवर तसंच उघडं होतं. मी तिला पपई गोड आहे का, एवढंच विचारलं.

व्हिसा आला तेव्हा माझी दुपार होती. वकिलात बंद असतानाही साइटवरून ईमेल आपोआप सुटायची, आणि ती माझ्या नावावर येत असल्यामुळे पहिल्यांदा मलाच दिसली. एक पान होतं, त्यावर तिचा लांब बघणारा फोटो. तिकडे अजून उजाडायचं होतं. मी ऑफिसच्या इमारतीबाहेर आले आणि सावलीच्या पत्र्यांखाली उभ्या केलेल्या गाड्यांच्या मधून फिरत राहिले. ती झोपली होती आणि तिला ठाऊक नव्हतं. ज्या बातमीची तिने इतकी वाट पाहिली होती ती काही वेळ फक्त माझ्याकडे होती. या बातमीमुळे ती माझ्याकडे येणार नाही हे पक्कं होणार होतं, आणि तरी मला उगाचच हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. मी गाडीत जाऊन बसले, एसी लावला, आणि तिची उठायची वेळ झाली तसा फोन केला.

ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. छापून घ्यावं लागेल का?"

घ्यावं लागेल, मी म्हटलं. मग तिने मावशीला सांगायचं म्हणून फोन ठेवला.

दोन दिवसांनी ती निघाली. मालकिणीने वाटेत खायला म्हणून केळीच्या पानात बांधून चिकट भात दिला होता. पुलाच्या अलीकडे लाओसचं नेटवर्क होतं, पलीकडे थायलंडचं, आणि मधे तिचा फोन बंद पडला. मी घरी होते, संध्याकाळच्या पोळ्या लाटत. नवरा भाजी फोडणीला टाकून दर थोड्या वेळाने फोन बघत होता. मी म्हटलं, ती काय हरवणार आहे का? तो म्हणाला, नाही, पण बघतो. आमचं जेवण झालं, भांडी आवरून झाली, तेव्हा मेसेज आला. मराठीत एकच शब्द होता. आले. त्याच्या खाली फोटो. पासपोर्टच्या पानावर ओला, थोडा पसरलेला शिक्का.

त्या शिक्क्याची मुदत नंतर तिथल्या तिथे वाढवून मिळाली. ते सगळं मावशीने आणि तिने मिळून केलं. मला झाल्यावर कळलं. मी अजून तिकडे गेलेले नाही. माझ्या अमेरिकेच्या शिक्क्यासाठी अपॉइंटमेंट बघणं चालू आहे. नवरा म्हणतो, मिळेल तिथली घेऊ आणि जाऊ, पुढचं पुढे बघू. मीही आता त्याला नाही म्हणत नाही.

ती घरी पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र मला अजून आठवते. मी उठून चहा ठेवला होता आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. तिकडे त्यांचं रात्रीचं जेवण चाललं होतं. आई पुलावरच्या अधिकाऱ्याचं सांगत होती, त्याने काहीतरी विचारलं ते तिला कळलं नाही, म्हणून तिने नमस्कार केला, तर त्यानेही केला. मग वरणात गूळ घालायचा की नाही यावरून मावशीने वाद काढला. होस्टेलच्या मेसमध्ये घालत असत, आई म्हणाली. मावशीचं म्हणणं, अजिबात नाही. मेसच्या आचाऱ्याचं नाव काय होतं, यावर दोघींचं एकमत होईना. बोलता बोलता त्या फोन चालू आहे हे विसरल्या. आई स्वयंपाकघरात गेली, पडद्यावर रिकामी खुर्ची आणि भिंतीवरची पाल तेवढी राहिली, आणि आतून दोघींचे आवाज येत राहिले, कधी चढलेले, कधी हसणारे. माझा चहा उकळून वर आला तेव्हा मी गॅस बारीक केला आणि फोन बंद न करता तिथेच ऐकत उभी राहिले.